मागच्याला जाऊ दे! कमी ताकदीची गाडी घेऊन ट्रॅकवर

 

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण जरा उलट्या बाजूने. सगळ्यात वेगवान गाडी कोणती, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सगळं तुम्ही यूट्यूबवर बघितलेलं आहेच. आज मी बोलणार आहे त्या गाडीबद्दल, जिला ट्रॅकवर सगळे ओव्हरटेक करून जातात. म्हणजे माझ्या गाडीबद्दल.

मी सध्या इंग्लंडमध्ये राहते. नोकरीसाठी आले आणि इथे मला ट्रॅक डेचा नाद लागला. ट्रॅक डे म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना ती रेस वाटते. रेस नसते ती. एखादं रेस सर्किट दिवसभरासाठी भाड्याने घेतलेलं असतं. तुम्ही पैसे भरायचे, आपली स्वतःची गाडी घेऊन जायचं, सकाळचं ब्रीफिंग ऐकायचं, हेल्मेट घालायचं आणि गाडी चालवायची. समोरून कोणी येणार नाही, मध्येच कुत्रं येणार नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. पण पहिला नंबर, ट्रॉफी वगैरेही नाही. इथे बहुतेक ठिकाणी तर लॅपची वेळ मोजायलाच मनाई असते. घड्याळ लावलं की माणूस घड्याळासाठी चालवायला लागतो.

आता माझी गाडी. माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. दोन सीट, उघडणारं छत, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. इंजिन १.६ लिटरचं, साधारण ११५ हॉर्सपॉवर. आपल्याकडची ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन साधारण तेवढ्याच ताकदीची असते. म्हणजे नावाला स्पोर्ट्स कार, पण ताकद एका चांगल्या हॅचबॅकएवढी. तरीही जगात सगळ्यात जास्त खपलेली टू-सीटर स्पोर्ट्स कार हीच. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. भारतात माझदाने ही अधिकृतपणे कधी विकलीच नाही, त्यामुळे तिकडे फारशी दिसत नाही.

आणि ट्रॅकवर माझ्या आजूबाजूला काय असतं? पोर्श ९११ जीटी३. नव्या मॉडेलला ५०० च्या वर हॉर्सपॉवर. तिचं वजन माझ्या गाडीच्या दीडपट धरलं, तरी प्रत्येक टनामागे ताकद माझ्या तिप्पट. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या असतात, मोठे टर्बो लावलेल्या हॅचबॅक असतात. या सगळ्यांत माझी गाडी म्हणजे एक्सप्रेस हायवेवर लुना.

मग प्रश्न येतो, आणि तुमच्यापैकी काही जणांनी तो मेसेज करून विचारलाय: ‘ताई, माझ्याकडे साधी गाडी आहे. ट्रॅकवर नेण्यात काही अर्थ आहे का, की आधी टर्बो लावू?’ आजचा भाग त्या प्रश्नासाठी आहे.

आधी ट्रॅक डोळ्यांसमोर आणू. लंडनजवळ केंटमध्ये ब्रँड्स हॅच नावाचं सर्किट आहे. त्याचा छोटा भाग, ज्याला इंडी सर्किट म्हणतात, तो जेमतेम दोन किलोमीटरचा. स्टार्टच्या स्ट्रेटवरून पुढे गेलात की पॅडॉक हिल बेंड येतं. उजवीकडचं वळण. वळताना पुढचं काही दिसत नाही आणि मग रस्ता एकदम खाली कोसळतो. पोटात गोळा येतो अगदी. खाली गेलात की लगेच चढ, आणि चढ संपतो तिथे ड्रुइड्स नावाचं हेअरपिन. आपल्या घाटातला यू टर्नच म्हणा.

आता गंमत बघा. पॅडॉक हिलच्या वळणात माझी गाडी मोठ्या गाड्यांच्या फार मागे नसते. पण चढ लागला, की संपलं! मी ॲक्सिलरेटर तळाला दाबून बसलेली, इंजिन जीव तोडून ओरडतंय, आणि आरशात एक ठिपका. पुढच्या क्षणी तो ठिपका म्हणजे पूर्ण पोर्श.

समजा, मागच्या गाडीचा वेग माझ्यापेक्षा ताशी ५० किलोमीटरने जास्त आहे. म्हणजे दर सेकंदाला ती जवळपास १४ मीटर जवळ येते. एक कबड्डीचं मैदान, प्रत्येक सेकंदाला! तुम्ही पाच सेकंद आरशात बघितलं नाही, तर ७० मीटर मागे असलेली गाडी तुमच्या बंपरला चिकटलेली असेल. त्यामुळे हळू गाडीच्या ड्रायव्हरला दोन्हीकडे बघावं लागतं. पुढचं वळण आणि मागचा आरसा. वेगवान गाडीवाल्याला बहुतेक वेळ पुढचंच बघायचं असतं. आम्हाला डबल ड्यूटी.

आणि इथेच ट्रॅक डेचा सगळ्यात महत्त्वाचा नियम येतो. ओव्हरटेक फक्त परवानगीने. मागच्याला कितीही घाई असू दे, पुढचा ‘जा’ म्हणत नाही तोवर त्याने घुसायचं नाही. वळणात नाही, ब्रेक लावतानाही नाही, फक्त स्ट्रेटवर. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी डावीकडूनच. पुढच्याने इंडिकेटर द्यायचा, आपली लाइन सोडायची नाही, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलायचा.

हे ऐकून मला आपले ट्रक आठवतात. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले. घाटात तुम्ही मागून हॉर्न द्यायचा, आणि ट्रकवाला समोर रस्ता मोकळा दिसला की हात बाहेर काढून ‘जा’ म्हणायचा. परवानगीचं ओव्हरटेकिंगच ते! फरक एवढाच, की ट्रॅकवर हॉर्न नसतो. पुढच्याने स्वतःहून आरशात बघून तुम्हाला ओळखायचं. नाही ओळखलं, तर कडेला उभा असलेला मार्शल त्याला निळा झेंडा दाखवतो: बाबा रे, मागे कोणीतरी आलंय.

म्हणजे बघा, नियमाने ट्रॅकवर निर्णय कोणाच्या हातात दिलाय? हळू गाडीच्या. ५०० हॉर्सपॉवरवाला मागे थांबतो आणि ११५ वाली ठरवते, कधी आणि कुठे. हा मान आहे आणि जबाबदारीही आहे. वाट द्यायचीच, पण नीट द्यायची. अर्धवट नाही. इंडिकेटर दिला आणि पाय उचललाच नाही, तर तो बिचारा तुमच्या शेजारी लटकतो आणि पुढचं वळण दोघांनाही एकदम येतं. गोंधळून मध्येच लाइन बदललीत, तर त्याहून वाईट. ‘मी इथे आहे, इथेच राहणार, तू तिकडून जा’ हे तुमच्या गाडीकडे बघून त्याला कळलं पाहिजे.

आता खरी अडचण सांगते. ती गाडीत नसते, आपल्यात असते. मागून कोणी आलं की नकळत आपला पाय दाबला जातो. ‘निदान हे वळण तरी याच्या पुढे राहून काढू.’ हे ‘निदान’ फार महागात पडतं. एकदा माझ्यासमोर एका छोट्या हॅचबॅकवाल्याने सलग दोन लॅप मागच्याला वाट दिली नाही. दर वळणाला ब्रेक थोडा आणखी उशिरा. तिसऱ्या लॅपला पॅडॉक हिलमध्ये गाडीची शेपूट सुटली, गाडी गोल फिरली आणि थेट खडीत. लाल झेंडा, सेशन बंद, गाडी ओढून काढेपर्यंत सगळे पिट्समध्ये. माणसाला काही झालं नाही, नशीब! पण नुकसान सगळं त्याचं त्यालाच. इथे ट्रॅक डेला तोच नियम: ज्याची गाडी, त्याचा खर्च. नेहमीची मोटार पॉलिसी बहुतेक वेळा ट्रॅकवर लागू होत नाही. भारतातल्या पॉलिसीतही रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, वाचून बघा.

आणि तो वाचवत काय होता? रेस नव्हती. नंबर नव्हता. मागचा पुढे गेला असता तर त्याचं काहीही जाणार नव्हतं. मंडळी, मला वाटतं ट्रॅकवर शिकायची पहिली गोष्ट हीच. कोणी पुढे गेलं म्हणजे आपण हरलो असं नाही.

बरं, मग कमी ताकदीच्या गाडीतून मिळतं काय? तर वेग वाचवायची सवय. ५०० हॉर्सपॉवरवाल्याने वळण वाईट घेतलं तरी बाहेर पडल्यावर पाय दाबतो, झालं, सगळं झाकलं जातं. माझ्याकडे झाकायला काही नाही. ब्रेक पाच मीटर आधी लावला, किंवा स्टेअरिंग एकदा जास्त फिरवलं, की तो गेलेला वेग परत मिळवायला पूर्ण स्ट्रेट जातो. पगार कमी असलेल्या माणसाला जसा महिन्याचा प्रत्येक खर्च माहीत असतो ना, तसं. त्यामुळे आपण नजर पुढे ठेवायला शिकतो, ब्रेक हळूहळू सोडायला शिकतो, वळणाच्या शेवटी गाडी सरळ होईल तसा पाय देत जायला शिकतो. हे कौशल्य पुढे कुठल्याही गाडीत बरोबर येतं. टर्बो मात्र त्या एकाच गाडीत राहतो.

दुसरा फायदा उष्णतेचा. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ती ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. समजा, १,००० किलोची गाडी ताशी १६० वरून थांबली आणि १,७०० किलोची २१० वरून, तर दुसरीच्या ब्रेकवर जवळपास तिप्पट उष्णता येते. म्हणून दुपारी मोठ्या गाड्या बॉनेट उघडून वास सोडत उभ्या असतात, आणि आमची छोटी चहा पिऊन परत ट्रॅकवर. दिवसभरात जास्त लॅप कोणाला मिळाले? सांगा बघू!

आणि कधीकधी बाजी उलटते. एकदा नोव्हेंबरात तिथेच दुपारी पाऊस सुरू झाला. एक पोर्शवाला ट्रॅकचे टायर लावून आला होता, कोरड्यात चिकटणारे पण नक्षी फार कमी. ओल्या रस्त्यावर त्याला ताकद खाली उतरवताच येईना. माझे साधे, पावसाचे टायर. वळणात मी त्याच्या मागे, स्ट्रेटवर तो दूर, पुढच्या वळणात मी परत मागे. आता वाट मागणारी मी होते. अशा वेळी काय करायचं? लाइट मारायचे नाहीत, चिकटायचं नाही. त्याच्या आरशात दिसू इतकं अंतर ठेवायचं आणि थांबायचं. दीड लॅप मी थांबले. मग मागच्या स्ट्रेटवर त्याचा इंडिकेटर लागला, पाय उचलला, आणि माझी ११५ हॉर्सपॉवरची गाडी पोर्शच्या पुढे. नंतर पॅडॉकमध्ये तो आला आणि हसून एवढंच विचारलं, ‘टायर कुठले आहेत?’ बास. त्याला हरल्यासारखं वाटलेलं नव्हतं. आणि खरं सांगू, मलाही जिंकल्यासारखं वाटलं नाही. दोघांनी एकमेकांना नीट चालवू दिलं, एवढंच.

तर ज्याने विचारलं होतं, त्याला उत्तर. टर्बो आधी नको. पहिले पैसे ब्रेकच्या ताज्या तेलावर आणि चांगल्या पॅडवर घाल. ब्रेकचं तेल जुनं असेल तर ते पाणी धरतं, गरम झालं की उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दुसरे पैसे टायरवर. गाडी उघड्या छताची असेल तर रोल बार हवाच, बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय आत घेत नाहीत. आणि उरलेले पैसे अर्ध्या तासाच्या इन्स्ट्रक्टरवर. शेजारी बसलेला एक अनुभवी माणूस जे शिकवतो, ते ५० हॉर्सपॉवर शिकवत नाहीत. सेशन संपताना शेवटचा लॅप हळू काढ, ब्रेक थंड होऊ दे, आणि पार्क करताना हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव.

भारतात यासाठी जागा आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. पुण्या-मुंबईहून लांब आहे, मान्य. पण म्हणून रात्री एक्सप्रेस हायवेवर किंवा लोणावळ्याच्या घाटात हे करायचं नाही. तिथे मार्शल नाही, झेंडा नाही, आणि समोरून येणाऱ्या कुटुंबाला तुम्ही परवानगी विचारलेली नाही.

एक गृहपाठ देते, त्याला ट्रॅक लागत नाही. उद्या गाडी चालवताना मागून कोणी घाईत आला, तर तो का आला याचा राग धरू नका. आरशात बघा, समोर बघा, जागा असेल तिथे स्पष्ट इंडिकेटर देऊन त्याला जाऊ द्या. आणि तेव्हा तुमचा पाय कुठे जातो, तेवढं फक्त बघा. दाबतो की उचलतो?

मला कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!