निवडून काढलेले दाणे

आमचा बचत गट शेंगदाण्याची चटणी करून विकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या वर्षी एका दुकानदारानं आमच्या चटणीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि 40 किलो माल परत आला. चव चांगली, वास चांगला. मग बिघडलं कुठं?

चटणीत अफ्लाटॉक्सिन निघालं. दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते, तिचं हे विष. ते डोळ्यांना दिसत नाही आणि भाजून पुरतं जातही नाही. आम्हाला वाटायचं, खमंग भाजलं की झालं! थोडं थोडं करून वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. थेट खायच्या दाण्यांत किलोला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणजे 100 टन दाण्यांत एक ग्रॅम.

मग आम्ही आमचंच काम तपासलं. यंत्रात दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडलं होतं आणि ओलसर दाणे तसेच प्लास्टिकच्या गोणीत भरले होते. वर सुरकुतलेले, काळपट दाणे ‘चटणीत कोण बघतंय’ म्हणून कुटात घातले. खरं सांगायचं तर हीच चूक मोठी. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. थोड्याच खराब दाण्यांत ते भरपूर असतं. म्हणून तपासणीला पोत्यातली वरची मूठ देऊन भागत नाही. वर, मध्ये, तळाशी, सगळीकडचे दाणे घ्यावे लागतात.

आता शेंग कानाशी हलवतो, खुळखुळ वाजली तरच गोणपाटात भरतो. पोती फळीवर, भिंतीपासून लांब. पाणी शिंपडणं बंद. दोन जणी नुसत्या निवडायला बसतात. त्यांची मजुरी धरून चटणीचा भाव थोडा वाढवला. पुढचा नमुना पास झाला.

निवडून काढलेल्या दाण्यांचं काय करायचं, यावर मात्र आमच्यात भांडण झालं. एक म्हणाली, म्हशीला घालू. पण त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच पोरं पितात. दुसरी म्हणाली, घाण्यावर देऊ. पण विष पेंडीत राहतं आणि पेंड पुन्हा गोठ्यातच येते. शेवटी खड्डा खणला. परत आलेली चटणीही त्यातच गेली. माती लोटताना आमच्या थोरल्या काकू तोंड फिरवून उभ्या होत्या.