अंबर कौरची तसबीर

आज ओळख करून घेऊ पेशवाईतल्या एका तैलचित्राची.

१७९१ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगवली. त्याच काळात त्याने एका स्त्रीचीही तसबीर केली. ती होती पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याची सहचारिणी अंबर कौर.

तैलचित्रात रंगाची पूड जवसाच्या तेलात खलतात. हे तेल सावकाश वाळते. त्यामुळे गालावरची सावली उजेडात हळुवार मिसळता येते, पातळ थर एकावर एक चढवून कापडाचा पोत उभा करता येतो. वेल्सच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली. गंगाराम तांबट तिथलाच गुणी चित्रकार.

अंबर कौरची तसबीर आजही टिकून आहे. दरबारी कागदपत्रांत तह करणाऱ्या पुरुषांचीच नावे ठळक दिसतात. त्यांच्या घरातल्या एका स्त्रीचा चेहरा आणि नाव या चित्राने जपले, म्हणून पुण्याच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.