अक्षरे मोजणारा फेरा

(भोपाळच्या शिवाजी नगरात मराठीचे अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



मराठी साहित्य शिकवणारी बाई 'पीएचपीतील लूप' या विषयावर बोलणार, हे वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. ती चूक नाही.

गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी छंद तपासणारे एक वेबपान करायला घेतले. अभंगाचा चरण टाकायचा आणि अक्षरे बरोबर आहेत की नाहीत ते पानाने सांगायचे. मोठ्या अभंगाचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे : पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ अक्षरे, चौथ्यात ४. दोन दिवसांनी एक विद्यार्थिनी उतरलेल्या चेहऱ्याने आली. म्हणाली, "मॅडम, तुकोबांचा एकही चरण बसत नाही. सहाच्या जागी कुठे २७ अक्षरे येतात, कुठे ३३!" तुकोबा चुकलेले नाहीत, हे तिला ठाऊक होते. पण यंत्र चुकते आहे, असे म्हणायचेही तिला धाडस होत नव्हते. आजचे माझे बोलणे त्या धाडसाविषयी आहे.

पीएचपी ही रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांसमोर आणलेली संगणकाची भाषा. ती सर्व्हरवर चालते. म्हणजे पान आपल्या पडद्यावर येण्याआधी तिकडेच तयार होते. आपण रोज चाळतो तो मराठी विकिपीडियाही पीएचपीत लिहिलेल्या प्रणालीवर चालतो. या भाषेत एकच काम पुनःपुन्हा करून घ्यायचे असेल, तर लूप लिहितात. मी त्याला फेरा म्हणते.

फेरे आपल्याला नवे नाहीत. जपमाळेचे मणी १०८. किती वेळा ओढायचे ते आधीच ठरलेले. हा 'फोर'. जात्यावर बसलेली बाई फेरे मोजत नाही. सुपात दाणे आहेत तोवर दळते. हा 'व्हाइल'. मात्र सुपातली मूठ जात्यात टाकायचीच विसरली, तर सूप कधी रिकामे होणार नाही आणि जाते फिरतच राहील. पीएचपीत असे झाले, तर नेहमीच्या मांडणीत सर्व्हर ३० सेकंदांनी काम थांबवतो. आणि पंगतीत वाढणारा पाने मोजत बसत नाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाढत जातो, हा 'फोरईच'. तो पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत, २००० साली आला.

एक खोड मात्र लक्षात ठेवायची. आपण इथे पाच नंबर, सहा नंबर असे स्टॉप ओळखतो. शून्य नंबर स्टॉपवर उतरलेला माणूस मी पाहिलेला नाही. पीएचपीच्या साध्या यादीत मात्र मोजणी शून्यापासून असते. नवशिक्यांचे निम्मे फेरे या एकाच्या फरकाने चुकतात.

आमच्या विद्यार्थिनीचा फेरा तसा चुकलेला नव्हता. तो इमानाने फिरत होता. पण अक्षरांवरून नव्हे, बाइटांवरून. पीएचपीच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची रांग. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही सुटी चिन्हे धरली जातात.

'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. 'स्ट्रलेन' हे फंक्शन सांगते ३०, कारण ते बाइट मोजते. 'एमबी_स्ट्रलेन' सांगते १०, कारण ते चिन्हे मोजते : ज, हलन्त, ञ, काना असे करत. 'ग्राफीम_स्ट्रलेन' अक्षराच्या जवळ येते. तरी सर्व्हरवरची त्यामागची लायब्ररी जुनी असेल तर ६ सांगते, कारण ती ज्ञा आणि श्व ही जोडाक्षरे तोडते. जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, तो २०२३ साली. तो नियम पाळणारी नवी लायब्ररी असेल तर उत्तर येते ४ : ज्ञा, ने, श्व, र. आपल्या शाळेतला पोरगा बोटांवर मोजून हेच सांगतो.

एका शब्दाची चार उत्तरे, आणि फेरा चारही वेळा निर्दोष! फेरा कशावरून फिरवायचा, हे ठरवताना चूक झाली. ते ठरवायला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान संगणकाच्या वर्गात नव्हे, आपल्या छंदशास्त्राच्या तासाला मिळते.

हा केवळ छंदाचा प्रश्न नाही. एका छापील यादीत मी माझेच नाव शेवटचे अक्षर तुटून, त्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन होऊन आलेले पाहिले आहे. कुणीतरी ठरावीक बाइटांवर कात्री लावली होती. आडनाव तोडणारा तो फेराही आज्ञाधारकच होता. त्याला कुणी मराठी माणसाने विचारले नव्हते, एवढेच.

पीएचपीच्या कर्त्यांनाही हे सोपे गेलेले नाही. सहाव्या आवृत्तीत संपूर्ण भाषा युनिकोडवर उभी करायचे त्यांनी ठरवले होते. तो प्रयत्न २०१० साली सोडून द्यावा लागला. २०१५ साली थेट सातवी आवृत्ती आली. उलट एक गंमत पाहा : याच भाषेत चलाचे नाव डॉलरच्या चिन्हापुढे देवनागरीत 'अक्षर' असे लिहिले तर चालते. मराठीचे प्रेम म्हणून नव्हे. ते बाइट काय म्हणतात ते ती पाहतच नाही, म्हणून हरकत घेत नाही. मुभा मिळाली म्हणजे समज आली असे होत नाही, हे आपण भाषेच्या माणसांनी तरी ओळखावे.

आता आमची मुले गण पाडणारा फेरा लिहिताहेत. तीन-तीन अक्षरे उचलायची. मंदाक्रांतेची १७ अक्षरे असतील, तर पाच फेऱ्यांनंतर दोन उरतात. तिथे थांबून ती वेगळी पाहायची. अक्षर लघू की गुरू हे ठरवायला फेऱ्याला पुढच्या अक्षरात डोकवावे लागते, कारण जोडाक्षराआधीचा ऱ्हस्वही आघात आला की गुरू होतो. आणि तो आघात येतो की नाही, हे कानाला विचारावे लागते. इथे प्रोग्रॅमरला वृत्ते शिकावी लागतात आणि वृत्ते शिकवणाऱ्याला फेरा.

म्हणून अध्यापकांना माझी विनंती आहे : छंदाचा एक तास संगणकाच्या खोलीत घ्या. मुलांना यंत्राकडून अक्षरे मोजून घेऊ द्या आणि आधी बोटांवर मोजायला सांगा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर बोटांवर विश्वास ठेवून फेरा तपासायला सांगा.

त्या विद्यार्थिनीने तेच केले. परवा ती पुन्हा आली. म्हणाली, "मॅडम, सहा आली." मी विचारले, "तुकोबांनी काय बदललं?" ती हसली. म्हणाली, "त्यांनी काही नाही. मी एक ओळ बदलली."