रिजचं जंगल आणि आपला रविवार
(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पर्यावरणावर चार शब्द बोला’ अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. मी त्यातला तज्ज्ञ नव्हे. रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या खात्यातला डिप्लोमा इंजिनिअर आहे. आम्ही पाच-सहाजण गेली काही वर्षं रविवारी सकाळी दिल्लीच्या रिजवर वनखात्याच्या माणसांबरोबर काम करतो. त्याबद्दलच बोलतो.

रिज म्हणजे अरवलीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. करोलबागपासून धौला कुआंपर्यंत बसमधून जाताना जी हिरवी भिंत दिसते, ती त्यातलीच. सगळे तुकडे मिळून साधारण पावणेआठ हजार हेक्टर भरतात. १९९४ साली त्यासाठी वनकायद्याखाली अधिसूचना निघाली. हे सार्वजनिक जंगल आहे, म्हणजे तुमचं-माझंही आहे. पण आपल्याकडे सार्वजनिक म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघेल.

लांबून रिज हिरवंगार दिसतं. आत गेलं की कळतं, बरीचशी हिरवळ एकाच झाडाची आहे. इकडे त्याला विलायती कीकर म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात, १८७० च्या दशकात भारतात आली आणि पुढे दिल्लीतही लावली गेली. पाऊस कमी असो, जमीन खडकाळ असो, ती वाढते. तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते. शेंगा नीलगाई नि गुरं खातात आणि शेणावाटे बी सगळीकडे पसरतं. तिच्या पाल्याखाली दुसरं रोप सहसा तग धरत नाही. मग पळस, बहावा, खैर, हिवर यांनी उगवायचं कुठे?

आता गंमत बघा. गणपतीला आपण एकवीस पत्री वाहतो, त्यात शमी असते. ही शमी वेडी बाभळीच्या गोतातलीच. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. तिच्या सावलीत शेतकरी बाजरी पेरतो, पाला शेळ्यांना घालतो, शेंगांची भाजी करतो. गोत एक, पण एक दुसऱ्याला वाढू देते, दुसरी देत नाही.

यावर एका मित्राने मला विचारलं, “अहो, बाहेरून आलं म्हणून झाड उपटायचं, तर आपण मराठी माणसंही इथे बाहेरचीच की!” प्रश्न रास्त होता. पण चिंच आफ्रिकेतली, सीताफळ नि मिरची अमेरिकेतली, आणि त्यांना आपण परकं म्हणत नाही. बाहेरून येणं हा दोषच नाही. आल्यावर दुसऱ्याला जागा न ठेवणं हा दोष.

आता काम काय असतं ते सांगतो. मोठं झाड आम्ही तोडत नाही. परवानगीशिवाय झाड तोडणं १९९४ च्या दिल्लीच्या कायद्याने गुन्हा आहे, शिवाय त्यावर पाखरांची घरटी असतात. पावसाने जमीन मऊ झाली की कीकरची लहान रोपं मुळासकट उपटतो. घाणेरीची झुडपं नुसती छाटून उपयोग नाही, ती दुप्पट फुटतात. खोड आणि मूळ जिथे मिळतं, त्याच्या खाली घाव घालून झुडूप उलटं टाकायचं. ही पद्धत दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केली. मोकळ्या जागेत इथली झाडं लावतो आणि लावलेल्या रोपांना आळी करतो, पाचोळा पसरतो, उन्हाळ्यात पाणी घालतो. दिल्लीचा पाऊस जवळपास पुण्याएवढा, पण बहुतेक जुलै ते सप्टेंबरात पडून जातो. एप्रिल ते जून रोपाला माणूसच हवा.

जुलैत झाडं लावायला पुष्कळजण येतात, फोटो होतात. पुढच्या मे महिन्यात पाण्याची कॅन उचलायला चारजण मिळत नाहीत. रेल्वेत आम्हाला पहिल्या दिवसापासून कळतं, नव्या मार्गाचं उद्घाटन एकदाच होतं, पण गाडी सुखरूप जाते ती रोज पायी फिरून ढिली चावी ठोकणाऱ्या की-मनमुळे. जंगलाचंही तसंच आहे.

हे होऊ शकतं याचं उदाहरण जवळच आहे. गुडगावला जुन्या खाणींच्या साडेतीनशेहून जास्त एकर जागेवर २०१० पासून नागरिकांनी, शाळांनी आणि स्वयंसेवकांनी अरवलीची मूळची झाडं लावली आणि जगवली. आपल्या धावड्याचा भाऊ असलेला धौ, सालई, पळस तिथे पुन्हा दिसू लागले. २०२२ मध्ये अरवली जैवविविधता उद्यान म्हणून त्या जागेची जागतिक नोंद झाली.

आपल्यातले बरेचजण बदलीवर आलेले. ‘तीन वर्षांनी जायचंय, कशाला गुंतायचं?’ असं वाटतं. पण माझ्या हद्दीतला रूळही माझा नाही. आधीच्याकडून चार्ज घेतला, पुढच्याला देईन. मधल्या काळात तो नीट ठेवणं माझं काम. रिजही असंच हातात घ्यायचं आणि पुढे द्यायचं.

विनंती तीन. निर्माल्य जंगलात टाकू नका. मारुती म्हणून माकडांना केळी घालू नका, ती वस्तीत येतात आणि मग आपणच त्यांच्यावर दगड उचलतो. आणि तिसरी, उत्सव संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला या. पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट आणि पाण्याची बाटली आणा. नावं कार्यालयात लिहून घेतो आहोत. मला जुलैतले पन्नासजण नकोत, मे महिन्यात येणारे दहाजण द्या.

गणपती बाप्पा मोरया!