अधिकाराची खुर्ची आणि समोरचे हसू

(महिला दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



वृत्तपत्राच्या कचेरीत माझी हयात गेली. आमच्या एका वरिष्ठांना स्वतःच्या विनोदबुद्धीचा मोठा अभिमान होता. ते बोलले की सारा विभाग हसे. नवी प्रशिक्षणार्थी मुलगीही हसे. तिच्या हसण्याचा त्यांनी वेगळाच अर्थ लावला. रात्रपाळीनंतर थांबवून घेणे, घरी सोडण्याचा आग्रह धरणे सुरू झाले. अखेर ती नोकरी सोडून गेली. ‘तिलाही आवडत होते की!’ हे त्यांचे उद्गार प्रामाणिक होते, असे मला आजही वाटते. खरी चिंता तीच आहे. आम्ही पुरुषही त्याच विनोदांना हसत होतो. आमचे हसू पगारवाढीसाठी आहे, हे मात्र त्यांना अचूक कळे!

ज्याच्या सहीवर आपली बढती अवलंबून, त्याला स्पष्ट नकार कोण देणार? ती विषय बदलते, आईच्या आजारपणाचे कारण सांगते. खुर्चीवरच्या माणसाला त्यातला नकार ऐकू येत नाही.

बघणाऱ्यांची दृष्टीही पदामुळे बदलते. पंजाबातील दहशतवाद मोडून काढणारे के. पी. एस. गिल आपल्या सर्वांच्या आदराचे. १९८८ साली चंडीगडच्या एका मेजवानीत त्यांनी केलेल्या गैरवर्तनाविरुद्ध रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी महिलेने तक्रार केली. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध एवढीशी गोष्ट कशाला, असाच सूर निघाला. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि २००५ मध्ये दोषसिद्धी कायम झाली. सतरा वर्षे! तीही स्वतः वरिष्ठ अधिकारी असलेल्या स्त्रीला. मग टंकलेखिकेचे काय?

शिवरायांनी १६४६ मध्ये रांझ्याच्या पाटलाला शिक्षा केली, तेव्हा त्याची पाटीलकीही काढून घेतली, हे आपण विसरतो.

‘आमच्याकडे सारे घरच्यासारखे, सगळ्या ताईच,’ असे आपल्या संस्थांतून सांगितले जाते. ताई म्हटल्याने सही करणारा हात बदलत नाही. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती अनिवार्य केली. तिची अध्यक्षा वरिष्ठ महिला कर्मचारीच हवी आणि सदस्यांपैकी एक बाहेरची व्यक्ती हवी. मध्यंतरी एका परिचित संस्थेत मी सहज विचारले, ‘अध्यक्ष कोण?’ कार्यवाहांनी अतिशय नम्रपणे स्वतःचेच नाव सांगितले.