उपाशीपोटी साखर येते कुठून?

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनिअर आहे. तरी या विषयावर बोलतोय, कारण मी त्यातून गेलो आहे.

दोन वर्षांपूर्वी पीएमईत माझी उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. वजन ८६ किलो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, तेही दारूचा थेंब न घेता! मला प्रश्न पडला, रात्री आठनंतर तोंडात काही घातलं नाही, मग सकाळी साखर आली कुठून?

ती येते यकृतातून. जेवणानंतर यकृत साखर साठवतं आणि रात्री थोडी थोडी रक्तात सोडतं. त्याला लगाम घालतं इन्सुलिन. पण यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला जुमानत नाही. लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे जावी, तशी साखर सुटतच राहते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन तयार करतं आणि त्या जादा इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी बनते. वर्षानुवर्षं हे चक्र चालतं. स्वादुपिंड थकलं की मधुमेह.

"आम्ही कुठे जाड आहोत?" असं कुणी म्हणेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं दिली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखं, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९ टक्के, याज्ञिकांची २१! म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

दिलासा असा, की यकृतातली चरबी लवकर उतरते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्रा. रॉय टेलर यांनी ११ मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या सातच दिवसांत उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली आणि यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता, घरी करू नये. मी एवढंच केलं: ऑफिसातले समोसे आणि कोल्ड्रिंक बंद, भात निम्मा, रोज पाऊण तास चालणं. आठ महिन्यांत आठ किलो उतरले, साखर ९६ वर आली.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका. प्रसादाचा मोदक जरूर घ्या, पण एकच. आणि घरी गेल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढा.

गणपती बाप्पा मोरया!