कर लागत नाही, तरी पैसे कापले!
(प्रभागसंघाच्या सभेतील बोलणे)

इन्कम टॅक्स म्हटलं की आपण म्हणतो, तो साहेबलोकांचा विषय. पण आपल्याच एका ताईंचं ऐका. मालक गेल्यावर विम्याचे सात लाख आले, ते त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले. 2024-25 मध्ये 49,000 रुपये व्याज मिळालं. तेव्हा व्याज 40,000 च्या वर गेलं की बँक 10 टक्के कापायची. आता ही मर्यादा 50,000 आहे. ताईंचे 4,900 गेले. बाकी कमाई शिवणकामाची, सगळी मिळून तीन लाखांच्या बरीच आत. म्हणजे कर शून्य! वर्षाच्या सुरुवातीला 15-जी फॉर्म दिला असता तर कापलेच नसते. पण हे त्यांना सांगणार कोण?

परत मिळवायचे तर रिटर्न भरा. एकाने त्याचे 1,500 मागितले. मी म्हटलं, मीच भरते. एमएसडब्ल्यू झालेली मी, पण वर्षच चुकलं! कमाई 2024-25 ची, निवडायचं मात्र 'कर निर्धारण वर्ष' 2025-26. अर्धा दिवस कापलेली रक्कम दिसेचना.

1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा. आठशेच्या वरची कलमं 536 वर आली, आणि दोन वर्षांचा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष'. हे बरं झालं. पण जिला कर लागतच नाही, तिचे आधी कापायचे आणि मग तिनेच मागत फिरायचं, हे कशाला? आपल्या गटाचं रजिस्टर सातवी शिकलेली सचिव लिहिते, सगळ्यांना कळतं.

ज्यांची ठेव आहे त्यांनी पासबुक आणि पॅन कार्ड घेऊन सभेनंतर थांबा. एप्रिलमध्ये बँकेत सोबतच जाऊ.